पहिल्या वाटीचा शब्द

आचलनं ज्वारीची पहिली वाटी पातेल्यात ओतली आणि वडिलांच्या तोंडाकडे पाहिलं. नत्थुजींनी डावा हात उचलून नुसता कपाळाला लावला. आजही डोकं दुखत असणार. तिनं बाम आणला, चोळला.

दुसरी वाटी. "टा," नत्थुजी म्हणाले. तिसरी. "हो."

लकव्यानं वाचा नेली, त्याला चार महिने झाले होते. नांदगाव खंडेश्वरच्या सप्त्यात कीर्तनाला सगळ्यांच्या आधी येऊन बसणारा माणूस. आता रामकृष्णहरीसुद्धा ओठांवर येत नव्हतं. लेकीनं त्यांना अकोल्याला आणलं. दवाखान्यातल्या सीमा मॅडम म्हणाल्या, जुनी भाषा गेली समजा. उरल्या आवाजांची नवी बनवा, आणि मोजायला घरातलंच काही घ्या.

बापलेकीनं भाषा बनवली. 'मा' म्हणजे पाणी. 'ऊ' म्हणजे कूस बदल. एकाला 'पा', दोनाला 'टा', तिनाला 'हो', पाचाला 'पू'. चाराला 'टाटा' हे नत्थुजींनी स्वतःच जुळवलं. शेजारीण भाकरी किती आणू म्हणून विचारायला आली, नत्थुजी 'टाटा' म्हणाले, तर तिला वाटलं, म्हातारा आपल्याला वाटेला लावतो. त्या दिवशी दोघं पोटभर हसले.

पण एक काही येईना. एरवी 'पा' स्पष्ट निघायचा. पण पहिली वाटी ओतली की तो निघत नसे. आचलनं समजावलं, रागावून पाहिलं. एकदा तर तिनं वाटी भिंतीवर मारली आणि मग रात्रभर ज्वारी वेचत रडली. ज्याला एकच कळत नाही त्याला पुढचं काय कळणार, असं मॅडमचं म्हणणं. आज शेवटची तपासणी. पाचापर्यंत आले तर उपचार पुढे. नाही तर जागा दुसऱ्या रोग्याला.

नत्थुजींची थोरली बहीण बेबीताई गावाहून आली होती. ती दवाखान्यात खोलीच्या दाराबाहेर बाकावर टेकली. मॅडमनी पहिली वाटी ओतली. नत्थुजींचा हात कपाळाकडे निघाला. आचलनं तो मधेच धरला.

"आबा, मी थकली आता. एक डाव म्हणा. माह्यासाठी."

नत्थुजींनी तिच्याकडे पाहिलं. मग डोळे मिटले.

"पा."

पुढचे चारही आले. मॅडमनी कागदावर खुणा केल्या. आचल रडत-हसत बाहेर धावली. आबांना एक आला म्हणून आत्याला सांगू लागली. बेबीताई पदर तोंडाला लावून बसली होती.

"त्याले एक येत नव्हता काय, बाई? तीस वर्सं त्यानं गावाच्या खळ्यात जवारी मापली. तू लहान होती तवाच वजनाचा काटा आला, तुले काय मालूम. मापारी पयल्या मापाले एक म्हनत नाही. 'लाभ' म्हनते अन् माप कपाळाले लावते. पयलं देवाचं. आता जिभेतून लाभ गेला, म्हून नुसता हात लावे तो. पयल्या मापाले एक त त्यानं जन्मात म्हटला नव्हता."

आचल दाराकडे वळली. आत मॅडम खात्री करायला पुन्हा पहिल्यापासून घेत होत्या. वाटी ओतल्याचा आवाज आला.

"पा," नत्थुजी म्हणाले. मोठ्यानं. बाहेर पोरीला ऐकू जावं इतकं.