गिधाडाचं अंडं

कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या जुन्या संग्रहालयात प्राध्यापिका नुजहत भर दुपारी अंड्यांचे खण पुसत होती, तेव्हा तो आवाज आला. टक्. टक्.

तिला सातवा महिना होता, म्हणून खालचे खण शिपाई दीपमालाताईंनी घेतले होते.

"ताई, तुम्ही वाजवलं?"

"नाही मॅडम. मले वाटलं तुमीच वाजवून राह्यल्या."

आवाज गिधाडाच्या अंड्यातून येत होता. झरी जामणीच्या जंगलातून कधीकाळी आणलेलं, भोक पाडून आतलं सगळं काढून टाकलेलं. नुजहतनं ते खिडकीपाशी धरलं. कवच उजेडानं भरून गेलं. आत काहीच नव्हतं, तरी बोटांना ठोके लागत होते.

प्रत्येक ठोक्याला पोटातलं बाळ हलत होतं. तिला हसूच आलं. मग लक्षात आलं, की आधी बाळ हलतंय आणि त्यानंतर अंडं वाजतंय.

"ठेवा ते खाली," दीपमालाताई म्हणाल्या. "मॅडम, ठेवा म्हणते ना!"

नुजहतनं अंडं कापसावर ठेवलं. आवाज थांबला. बाळही थांबलं.

"या अल्ला," ती पुटपुटली आणि पोटावर तळहात दाबून वाट पाहू लागली. "हल ना बाळा. एकदा हल."

तळहाताला आतून काहीतरी लागलं. ती लाथ नव्हती. बारीक होतं, टोकदार होतं.

टक्.

दीपमालाताईंनी अंड्याकडे पाहिलंच नाही. नुजहतच्या पोटावरची नजर न काढता त्या एकेक पाऊल मागे सरकू लागल्या.