पायरीवरचे बूट

प्रागच्या जुन्या सिनेगॉगबाहेर आम्ही ठाण्याच्या बेने इस्रायली ज्यू पोरापोरींनी घरच्या सवयीनं बूट काढून पायरीवर ओळीनं लावले. आत गाइडबाई आमच्या मोज्यांकडे बघतच राहिल्या.

"इथे सगळे बूट घालूनच आत येतात. तुम्ही नक्की ज्यूच ना?"

"आमच्याकडे असंच आत जातात," रिव्का पेणकर म्हणाली आणि फाटक्या मोज्यातून डोकावणारा अंगठा तिनं दुसऱ्या पायाखाली लपवला.

बाहेर आलो तर पायरीवर बूटच बूट. मागून आलेल्या जर्मन पर्यटकांनी आमचं बघून आपलेही निमूटपणे काढले होते. त्या ढिगात आम्ही आमचे शोधतोय, तेवढ्यात आत कुणीतरी गाइडबाईंना बूट काढण्याचं कारण विचारलं.

"ही इथली फार प्राचीन प्रथा आहे," बाई ठामपणे म्हणाल्या.

रिव्कानं दारातून डोकावून पाहिलं. बाईही मोज्यांवरच होत्या, आणि त्यांचाही अंगठा बाहेर आला होता.