दोन शिट्ट्यांचं वरण

कौसाबाईंनी कुकर उघडला आणि त्या चपापल्या. दोन शिट्ट्यांत डाळीचं पार पीठ झालं होतं.

कंपनीने डोंगर फोडून त्याची पूड रानोमाळ पसरली, तेव्हापासून नदीचं पाणी जड झालं होतं. पूड हवेतला कार्बन धरून पाण्यात विरघळते आणि नदी तो समुद्राला नेते, असं कंपनी सांगे. बायकांना ठाऊक होतं ते एवढंच, की डाळ सहा शिट्ट्यांशिवाय शिजत नाही.

कौसाबाईंच्या खानावळीच्या पडवीत सरकारी तपासनीस मेढेकर नदीत विरघळलेला कार्बन मोजणाऱ्या मीटरचा आकडा टिपून जेवायला बसले होते.

"कार्बन दुप्पट वाहतोय," कंपनीचे सबनीस म्हणाले. "आता दुसरा डोंगर आम्हाला द्याच."

त्या डोंगरावर कौसाबाईंचं गाव होतं. त्यांनी वरण वाढलं.

"कसं झालंय, रावसाहेब?"

"मऊसूत!"

"नदीच्याच पाण्यातलं हाय. जड पाण्यात डाळ अशी शिजत न्हाई. सोडा पडला तरच शिजती. आन् म्या तर चिमूटभरबी टाकला न्हाई."

सोडा म्हणजेही पाण्यात विरघळलेला कार्बनच; मीटरला पूड आणि सोडा सारखेच, हे मेढेकरांना ठाऊक होतं. त्यांनी सबनीसांकडे पाहिलं.

रोज इथंच जेवणाऱ्या सबनीसांनी आज डबा आणि पाणी घरून आणलं होतं.