तांदळातलं आडनाव

फुलपाड्याच्या फ्लॅटमध्येच प्रल्हादचं दुसरं लग्न लागलं. तबकातल्या तांदळांवर त्याने अंगठीने ‘जयवंती राऊत’ लिहिलं. “आणि लेकीचं आडनाव?” भटजींनी विचारलं. “तिचं बदलायचं नाही,” जयवंती म्हणाली. “तिच्या बाबांचं तेवढंच उरलंय.” प्रल्हादला मूल नव्हतं. त्याने अंगठी परत बोटात घातली. पंगतीनंतर तबक उचलायला गेला, तर नावाखाली आणखी एक ओळ होती: ‘अक्षया राउत’. उ ऱ्हस्व. त्याची वारलेली बायको मथुरा बारा वर्षं असंच लिहायची. तो चूक दाखवायचा, ती म्हणायची, “अहो, कळलं ना? मग झालं.” जयवंतीच्या चार वर्षांच्या अक्षयाला अक्षरओळखही नव्हती. “कुणी लिहिलं गं?” त्याने तिला विचारलं. “काकूंनी. माझं बोट धरून.” तिने भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे दाखवलं. मथुरेचा फोटो त्याने कालच उतरवला होता. “उ चुकलाय,” तो पुटपुटला. “अहो, कळलं ना?” अक्षया हसली. “मग झालं.”