एक मात्रा

अर्धांगवायूनंतर अण्णांची ही पहिलीच मैफल. पेटीवर लेहरा, म्हणजे तबल्याला ताल दाखवणारी सोळा मात्रांची तीच ती धून, धरून बसलेल्या कुंदाचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. तबल्यावर बापाची बोटं मागे पडत होती.

एका रचनेच्या शेवटी तीनदा वाजवायची तिहाई सुरू झाली आणि तिच्या लक्षात आलं, समेवर, आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, पोचायला अण्णांना एक मात्रा उशीर होणार. "लेहरा बापासाठीसुद्धा थांबवायचा नाही," हे त्यांनीच लहानपणी पट्टी मारून शिकवलेलं. तरी तिनं एक सूर मात्राभर लांबवला. तबला आणि पेटी समेवर नेमके एकत्र आले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

अण्णा हसले नाहीत. त्यांनी तबल्यावर गवसणी चढवायला घेतली.

"अण्णा, अजून अर्धा तास आहे."

"सम माझ्यासाठी थांबायला लागली, कुंदे. आता उठलेलं बरं."