गोठ्यातलं वायफाय

"नेटचा डब्बा कुठी आहे?" सुरजनं विचारलं.

"गोठ्यात," ज्योत्स्ना म्हणाली आणि नवऱ्याकडं, धनराजकडं, न बघता तिनं मागच्या दाराकडं बोट केलं.

सुरज नव्या कंपनीचं कनेक्शन जोडायला मूल गावाहून आला होता. त्याला वाटलं, बाई थट्टा करताहेत. पण डबा खरोखरच गोठ्यात होता. कुडाच्या सारवलेल्या भिंतीवर खिळ्याला टांगलेला, वरून धूळ बसू नये म्हणून प्लास्टिकची पिशवी घातलेली. हिरवा दिवा लुकलुकत होता आणि त्याच्याखाली दोन बैल निवांत रवंथ करत होते.

"भाऊ, बैलं रील पाहतेत का?" सुरजनं धनराजला विचारलं.

धनराज हसला नाही. तो बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

दोन वर्षांत त्याच्या घरची ही तिसरी कंपनी. पहिली महाग म्हणून सोडली, दुसरी स्लो म्हणून. या खेपेला तर बैलजोडी घ्यावी तशी त्यानं गावभर चौकशी केली होती. कोणाचा रेट काय, कोणाची तार माकडं तोडतात, तुटली तर माणूस कधी येतो. चौकशी करायला कारणही तसंच होतं. लेक दिव्यानी नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेला बसणार होती. क्लास ऑनलाइन. पुढच्या खोलीत ती मोबाइल धरून बसायची आणि मॅडम नेमकं महत्त्वाचं सांगायला लागल्या की पडद्यावर त्यांचं तोंड उघडं ते उघडंच राहायचं. मागच्या रविवारी सराव परीक्षा अर्ध्यात बंद पडली, तेव्हा पोर जेवली नाही. मोबाइलची रेंज गावात पाण्याच्या टाकीवर चढल्याशिवाय मिळत नाही. गोठ्यात बसून पाहिलं तर चित्र झकास, पण माश्या अभ्यास करू देईनात. खरी परीक्षा पंधरा दिवसांवर आली होती.

सुरजनं आपला मोबाइल घेऊन घरभर चक्कर मारली आणि तो परत गोठ्यात आला.

"भाऊ, तुमची जुनी कंपनी बेकार नाई. मधात दोन भिंती आहेत, धानानं भरलेली ढोली आहे. नेट पुढं जाईन कसं? डब्बा पुढच्या खोलीत न्या. आमचा सगळ्यात लहान प्लॅन बी लय झाला तुमाले."

"ऐकलं?" ज्योत्स्ना म्हणाली. "दोन वर्षांपासून मी हेच सांगून राह्यली."

"तार पुरत नाई तिथंवर," धनराज पुटपुटला.

"तार मी देतो ना," सुरज म्हणाला.

धनराजनं कुडाकडं पाहिलं.

कुडापलीकडं त्याच्या मोठ्या भावाचं, रामाजीचं घर. दोघांच्या शेतांमधल्या धुऱ्यावरचं मोहाचं झाड कोणाचं, यावरून दोघांचं बोलणं बंद होऊन तीन पावसाळे उलटले होते. झाडाखालची फुलं आता शेजारपाजारचे वेचून नेत, पण आधी कोण बोलणार यावर दोघंही हटून बसले होते. दिव्यानी मात्र दोन्ही घरी जेवायची. तिनंच मोठ्या बाबाच्या, म्हणजे रामाजीच्या, मोबाइलमध्ये वायफायचा पासवर्ड टाकून दिला होता. नेट कोणाचं, हे त्या घरात कोणी विचारलं नाही.

या वेळीही पलीकडून ऑर्गनचे सूर येत होते. रामाजीच्या मोबाइलवर झाडीपट्टीचं संगीत नाटक सुरू होतं. तरुणपणी गावच्या नाटकात तो स्वतः राजा व्हायचा आणि धनराज तबल्यावर बसायचा. आता तो संध्याकाळी मोबाइलवर नाटकं बघायचा, मोठ्या आवाजात. राजा कोणाला तरी सुळावर द्यायला निघाला होता.

डबा पुढच्या खोलीत न्यायला ज्योत्स्नानं पुढं होऊन प्लग उपसला. हिरवा दिवा विझला. थोड्या वेळानं पलीकडचा राजा वाक्याच्या मध्येच गप्प झाला.

"गेलं वाटते," रामाजीचा आवाज आला. मग खोकला.

प्लग हातात धरून ज्योत्स्ना उभी राहिली. रोज संध्याकाळी दोन बैलांना वैरण टाकायला या माणसाला तासभर का लागतो आणि डबा गोठ्यातून का हलत नाही, ते तिला आत्ता कळलं. तिला त्याचा राग आला, आणि रागाहून जास्त माया आली.

"सुरजभाऊ," धनराज हळू आवाजात म्हणाला, "डब्बा इथीच राहू द्या. तुमचा सगळ्यात मोठा प्लॅन द्या."

"मोठ्या प्लॅननं भिंती थोड्याच पडतेत? आन आमचे डब्बे संपले, दुसरा मागवाचा म्हटलं, तर महिना जाते. तवरक एकच डब्बा आहे. इथी ठेवा, नाई तर तिथी."

धनराजनं बायकोकडं पाहिलं. पुढच्या खोलीतून दिव्यानीचा आवाज येत होता, "मॅडम, आवाज येऊन राह्यला का? मॅडम?" ज्योत्स्ना दोन वर्षं ज्यासाठी भांडली, ते आता तिच्याच्यानं म्हणवेना.

कूड तो कूड, त्याच्याआड बोलणं काय लपणार?

"धन्या," पलीकडून हाक आली. तीन वर्षांत पहिली. धनराजचा हात बैलाच्या पाठीवरच थांबला.

"पोरीची परीक्षा आहे ना? डब्बा ने पुढं. मी तिकडंच येतो नाटक पाहाले." पुन्हा खोकला. "आन खुर्ची काढून ठेव रे. खाली बसता नाई येत आता मले."