बिनआवाजाची चिमणी

"ही चालू आहे?" आशालताबाईंनी विचारलं.

"कधीपासून चालूच हाय, मावशी." सेल्समन कुंदनने चिमणीखाली कागद धरला. कागद जाऊन जाळीला चिकटला. आवाज मात्र नाही. पनवेलच्या त्या दुकानात भिंतीवर ओळीने टांगलेल्या स्वयंपाकघराच्या चिमण्यांमध्ये ही सगळ्यात गुपचूप होती. वर ऑफरमध्ये.

"आवाज नाही आणि स्वस्त. काहीतरी गडबड आहे," सून रंजिता म्हणाली.

आशालताबाईंनी तिच्याकडे बघितलं. घरची जुनी चिमणी परवाच बंद पडली होती. ती लावली की कामोठ्याच्या त्यांच्या वन-बीएचकेत हेलिकॉप्टर उतरतंय असं वाटायचं. त्या आवाजाने डोकं उठतं, अशी तक्रार लग्न होऊन आल्यापासून रंजिताच करत होती.

"तुलाच शांत हवी होती ना?" सुशांतने बायकोला विचारलं.

"हवी होती. पण आवाजच नसेल तर ती ओढतेय की नुसती लटकलीये, कळणार कसं? बाबा घोरायचे थांबले की आपण उठून बघतोच ना?"

सुशांतला हे पटलं. त्याला बहुतेक गोष्टी पटत.

खरी गोष्ट अशी होती, की त्या घरात कुणाला ऐकू न जाता बोलता येईल अशी एकच जागा होती. फुल स्पीडवरच्या चिमणीखाली. तिथे उभी राहून रंजिता रोज संध्याकाळी बहिणीशी, मनस्वीशी, फोनवर बोलायची. पण चिमणी उगाच कशी लावणार? म्हणून ती काहीतरी तळायला घ्यायची. किरकोळ बोलायचं असेल तर पापड. मनाला लागलं असेल तर भजी. दिवाळीत माहेरी जायचं रद्द झालं, तेव्हा घर आठवडाभर पुऱ्या खात होतं. सासऱ्यांचा कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट बघून डॉक्टरांनी विचारलं होतं, "घरात कार्य होतं का?"

आशालताबाईंना यातलं फारसं काही माहीत नव्हतं. आपण सुनेला काही बोललो की त्या दिवशी संध्याकाळी भजी असतात आणि तळताना तिच्या कानाला फोन असतो, एवढंच त्यांच्या ध्यानात आलं होतं.

"कुंदन, समजा ही चालू आहे आणि ओट्याशी कोणी बोलतंय. बाहेर सोफ्यावर ऐकू येईल?"

"कुजबुजलं तरी येल, मावशी."

आशालताबाई प्रसन्न झाल्या. "करूनच बघू." त्या गिऱ्हाइकांच्या सोफ्यावर जाऊन बसल्या आणि रंजिताला चिमणीखाली उभं केलं. "हं. बोल."

"काय बोलू?"

"नेहमी बोलतेस ते."

रंजिताने घसा साफ केला. "आमच्या सासूबाई फार समजूतदार आहेत," ती हळूच म्हणाली.

"आलं ऐकू," त्या सोफ्यावरून म्हणाल्या. "चिमणी चांगली आहे. वाक्य खोटं आहे."

"आई, ती पण बघू ना एकदा," असं म्हणत रंजिता घाईघाईने कोपऱ्यातल्या जुन्या मॉडेलखाली गेली. कुंदनने बटण दाबलं. दुकान थरथरलं. मिक्सरच्या खोक्यांवरची धूळ उठली. रंजिताचे ओठ हलायला लागले आणि बराच वेळ हलत राहिले. मग एक हातही हलला, तोही सोफ्याच्या दिशेने. सोफ्यापर्यंत अक्षरही पोचलं नाही. शेजारी उभ्या असलेल्या कुंदनचे कान तेवढे लाल झाले.

त्याने बटण बंद केलं.

"काय म्हणाली रे?" आशालताबाईंनी त्याला विचारलं.

कुंदनने आळीपाळीने दोघींकडे बघितलं. त्याच्याही घरी आई आणि बायको होत्या. "मोटरला पाच वर्षांची वॉरंटी हाय, मावशी."

"कळलं. ती शांतवाली बांधून दे."

रंजिताचा चेहरा पडला. सुशांतने पाकीट काढलं. आशालताबाई उठल्या आणि एकदम थांबल्या. कोपऱ्यातल्या चिमणीकडे, मग सुनेकडे बघत म्हणाल्या, "एवढं बोललीस आणि काहीच आलं नाही? की नुसतेच ओठ हलवत होतीस?"

"तूच उभी राहून बघ, आई," सुशांत म्हणाला.

त्या जाऊन उभ्या राहिल्या. सुशांत आणि रंजिता सोफ्यावर बसले. "फुल कर. आणि तू लांब हो," त्यांनी कुंदनला बजावलं.

चिमणी गरजली. आशालताबाईंनी आधी एकच शब्द उच्चारून बघितला. सोफ्यावर सुशांत आणि रंजिता ढिम्म. मग आणखी एक. तरी ढिम्म. तेव्हा त्यांनी पर्स खाली ठेवली, पदर खोचला आणि बोलायला सुरुवात केली. थोडं सुशांतकडे बघून बोलल्या. थोडं रंजिताकडे बघून. आणि मग कितीतरी वेळ काचेच्या दाराबाहेर, गाडीत एसी लावून बसलेल्या नवऱ्याकडे बघून.

रंजिता सोफ्याच्या कडेपर्यंत सरकली. सासूबाईंचं बोलणं ती इतकं कान देऊन कधीच ऐकत नसे.

शेवटी आशालताबाईंनी स्वतःच बटण बंद केलं आणि पदराने कपाळ टिपलं.

"एवढं काय बोलत होतीस, आई?" सुशांतने विचारलं.

"ऐकू आलं?"

"नाही."

"मग हीच घे." त्यांनी पर्स उचलली, आणि रंजिताकडे न बघता म्हणाल्या, "उद्यापासून सकाळचा स्वयंपाक मी करत जाईन."